खारेपाटात नव्याने येताय? आधी तिथी बघा

मांडव्याला उतरून किंवा वडखळ ओलांडून अलिबागकडे धावणाऱ्या गाड्या जिथे थांबत नाहीत, तो आमचा खारेपाट. धरमतरचा पूल ओलांडताना उजवीकडे-डावीकडे सपाट हिरवी शेतं दिसतात, मधूनच पाण्याची चकाकी दिसते, तिवरांची गर्द रांग दिसते आणि थोड्याच वेळात पोयनाडचा नाका येतो. लोकांना वाटतं, हा नुसता रस्त्यातला भाग. आम्हाला मात्र अख्खं आयुष्य इथे पुरतं.

12 जानेवारी 2024 ला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू सुरू झाला. 21.8 किलोमीटरच्या त्या पुलाने मुंबई आणखी जवळ आली. तेव्हापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारतं: तुमच्याकडे घर घ्यायचंय, भाड्याने राहायचंय, निदान दोन दिवस फिरायचंय, सुरुवात कुठून करू? त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ज्या क्रमाने एखाद्या पाहुण्याला मी हा भाग दाखवेन, त्याच क्रमाने.

आधी भाग ओळखून घ्या

अंबा नदी सह्याद्रीतून खोपोली-खंडाळ्याच्या अंगाने उतरते, पालीच्या बल्लाळेश्वराजवळून वाहत नागोठण्याला येते आणि तिथून पुढे तिची खाडी होते. पेणची भोगावती, उत्तरेकडची बाळगंगा, पाताळगंगा या नद्याही याच धरमतरच्या खाडीला मिळतात. खाडी रेवस आणि करंजाच्या मधून मुंबईच्या समुद्रात जाते. या पाण्याच्या दोन्ही काठांची सखल जमीन म्हणजे खारेपाट. पेण तालुक्यात वाशी, वढाव, शिर्की, दादर ही गावं, तर अलिबाग तालुक्यात शहाबाज, पोयनाड, श्रीगाव, धेरंड, शहापूर, मानकुळे, हाशिवरे.

गावांची नावं वाचतानाच अर्धी ओळख होते. मेढेखार, मिळकतखार, रांजणखार: नावात ‘खार’ आलं की समजावं, ही जमीन कधीकाळी भरतीच्या पाण्याखाली होती आणि कुणाच्या तरी पूर्वजांनी बांध घालून ती समुद्राकडून मागून घेतली. इथली बहुतेक वस्ती आगरी समाजाची. आगर म्हणजे मिठागर. मीठ, भात आणि मासळी या तिन्हींवर इथली घरं उभी राहिली.

यायचं कसं

रेल्वेने यायचं तर पनवेल-रोहा मार्गावर पेण हे तुमचं स्टेशन. दिवा-रोहा मेमू आहे, पण दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे वेळ बघून निघा. पेणला उतरलात की एसटी, नाहीतर विक्रम आणि मिनीडोर. या तीनचाक्यांत माणसं भरली की गाडी सुटते, घड्याळ बघून नाही.

रस्त्याने पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग धरायचा, पेण, मग वडखळ. वडखळला महामार्ग सरळ नागोठण्याकडे जातो आणि उजवा फाटा अलिबागकडे, तिथून अलिबाग साधारण 22 किलोमीटर. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी हा फाटा टाळा. त्या वेळी वडखळला अडकलेल्या माणसाला मी दोष देत नाही, पण मंगळवारी या, तोच रस्ता तुम्हाला मोकळा मिळेल.

पाण्याने येणं मला अजून सगळ्यात आवडतं. गेटवेहून मांडव्याला बोटी येतात, पावसाळ्यात त्या बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो 2020 पासून सुरू आहे, तिच्यात गाडी घालून आणता येते. भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी लाँच ही जुनी वाट. एके काळी मुंबईच्या बोटी थेट धरमतरला लागत आणि भरती साधून नागोठण्यापर्यंत जात. म्हणजे रस्त्यांच्या आधी मुंबईशी आमचं नातं पाण्याचंच होतं. मांडव्याला किंवा रेवसला उतरून अलिबागकडे न वळता पूर्वेला हाशिवरे-पोयनाडची दिशा धरा. दहा मिनिटांत बंगल्यांच्या भिंती संपतात आणि खारेपाट सुरू होतो.

तिथीवरून पाणी ओळखा

माझ्या मते नवख्या माणसाने शिकायची पहिली विद्या ही आहे. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, पण आमच्याकडची कुठलीही म्हातारी कालनिर्णयाकडे एक नजर टाकून पाणी कधी भरणार ते सांगते. हिशोब सोपा आहे. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती.

षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला एकदा आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला पुन्हा पाणी भरेल. त्याच्या मध्ये, सकाळी साधारण साडेदहा-पावणेअकराला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या आसपास. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. रोज पाणी सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतं, म्हणून ही पाऊणपट. मिनिटाच्या हिशोबात थोडं मागेपुढे होतं आणि रेवसला भरलेलं पाणी आत धरमतर-नागोठण्याच्या अंगाला पोचायला आणखी वेळ लागतो. पण दिवस आखायला एवढं पुरे.

दुसरं, पाणी किती भरणार. अमावास्या आणि पौर्णिमेला, आणि त्यांच्या पुढचे दोन-तीन दिवस, उधाण. तेव्हा पाणी वर चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी मधल्यामध्ये हलतं. बांधावर फिरायला, मासेमारी बघायला उधाणाच्या दिवसांतली ओहोटी चांगली, खाडीचा सगळा तळ उघडा पडतो. पण त्याच दिवसांत खाडीलगतच्या काही सखल वाटांवर भरतीच्या वेळी पाणी येतं. एका पाहुण्याने माझं न ऐकता पौर्णिमेच्या सकाळी बांधाच्या पायथ्याशी गाडी लावली आणि जेवायला बसला. साडेबाराला आम्ही चौघं गुडघाभर पाण्यातून ती ढकलत होतो. खारं पाणी गाडीच्या पत्र्याला काय करतं, ते त्याला पुढच्या वर्षभरात कळलं.

बांध समजून घ्या

आता खरा विषय. खारेपाटातली शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. खाडी आणि भात यांच्या मध्ये उभा आहे तो फक्त मातीचा बांध. बांधाला जागोजागी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे पाण्याची वाट, तिला बाहेरच्या बाजूने झडप. भरती आली की खाडीच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप लोटून बाहेर जातं. ना मोटर ना वीज. दिवसातून दोन वेळा हे दार उघडतं आणि मिटतं, वर्षानुवर्षं. कुठल्याही उघाडीवर ओहोट सुरू व्हायच्या वेळी जाऊन उभे राहा. आधी नुसती सळसळ ऐकू येते, मग फळीच्या कडेने पाण्याची पातळ रेघ सुटते आणि बघता बघता धार लागते. तिथेच कुणीतरी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभा असतो, कारण धारेबरोबर कोलंबी आणि बोईटं येतात.

पूर्वी बांध राखायची रीत होती, तिला जोळ म्हणतात. एका बांधाआड ज्यांची शेतं, त्यांची एक जोळ. ठरलेल्या दिवशी घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन बांधावर हजर. ज्याची शेती जास्त त्याचं काम जास्त. खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायची, खचलेला भाग चिखलाने लिंपायचा, गवत लावायचं. खेकड्याचं बीळ ही लहान गोष्ट नाही. बोटभर भोकातून झिरपायला लागलेलं पाणी एका उधाणात हातभर होतं आणि दुसऱ्यात बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना आषाढी अमावास्येच्या रात्री आमच्या बांधाला खांड गेली. वडिलांनी मला कंदील धरायला नेलं होतं. वीस-पंचवीस माणसं ओळीने उभी, खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलाचे तोडलेले ढेप हातोहात पुढे जात होते आणि शेवटचा माणूस ते पेंढ्यात गुंडाळून खांडीत बसवत होता. पाणी दोनदा ते घेऊन गेलं. तिसऱ्यांदा ओहोट लागली म्हणून बसलं. पहाटे वडील शेतात वाकले, ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले. काही बोलले नाहीत. आठवड्यात भाताची टोकं करपली, आणि पुढची तीन वर्षं त्या तुकड्यात धड पीक आलं नाही. मुरलेला खार पावसाने धुवून निघायला तेवढा वेळ लागतो.

पुढे बांधांची जबाबदारी सरकारी खारभूमी योजनांकडे गेली, घरातली तरुण मुलं नोकरीला गेली आणि जोळ बहुतेक गावांत मोडत गेली. खाडीतून आता मोठ्या बार्ज जातात, त्यांच्या लाटाही बांधाला लागतात. ज्या शेतांच्या खांडी वेळेवर बुजल्या नाहीत तिथे तिवरं उगवली, आणि एकदा कांदळवन झालं की कायद्याने तिथे पुन्हा शेती करता येत नाही. तिवरांवर माझा राग नाही. तीच लाटा अडवतात, माशांची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात. पण ज्याचा सातबारा त्यांच्याखाली गेलाय त्याच्यासमोर ‘किती छान जंगल आहे’ म्हणू नका.

बांधावर चालायचे नियम थोडेच. ओहोटीला जा. एका रांगेत चाला, कडेवरून नको, कड खचते. उघाडीच्या फळीला हात लावू नका, तिच्यात दगड-काठी अडकली तर झडप मिटणार नाही आणि रात्री शेतात समुद्र येईल. उघड्या पडलेल्या खाजणात पाय टाकायचा मोह आवरा. वरून घट्ट दिसणारा चिखल मांडीपर्यंत ओढतो, आणि आत कालवांच्या धारदार कवच्या असतात.

राहायचं ठरलं तर पाणी आणि जमीन

भाड्याचं घर बघताना पहिला प्रश्न प्यायच्या पाण्याचा विचारा. चहूकडे पाणी असून खारेपाटाच्या टोकाच्या गावांत उन्हाळ्यात हंडे-टँकर ही जुनी गोष्ट आहे. विहीर खणली तर खारं लागतं, बोअर मारली तरी तेच. नळ किती दिवसांआड येतो, साठवणीची टाकी केवढी, हे घरमालकापेक्षा शेजारच्या काकूंना विचारा, त्या खरं सांगतात. म्हणूनच गावोगावी पावसाच्या पाण्याची तळी आहेत. तळ्यात गाडी धुऊ नका, साबण नेऊ नका. त्या तळ्याशी घराघराचा संबंध आहे.

जमीन घ्यायची असेल तर घाई नको. शेतजमीन विकत घ्यायला महाराष्ट्रात खातेदार शेतकरी असावं लागतं. नसाल तर बिनशेती किंवा गावठाणातली जागाच बघा. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणारे खूप आहेत, तुकडेबंदी कायदा वाचल्याशिवाय इसार देऊ नका. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडून समजून घ्या, सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नकाशावर गट नंबर शोधा, कांदळवनापासूनचं अंतर तपासा. आणि एक तपासणी कागदाबाहेरची: उधाणाच्या दिवशी, भर पावसात, भरतीच्या वेळी त्या जागेवर जाऊन उभे राहा. एजंट मार्चमध्ये जागा दाखवतो, तुम्ही जुलैत बघा.

जमिनीबद्दल इथली माणसं हळवी का आहेत, हेही माहीत असू द्या. 27 ऑक्टोबर 1933 ला चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. आसपासच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं: शेत कसायचं नाही. पिकाचा मोठा वाटा खोताकडे जायचा, बांध मात्र कुळांनीच राखायचा. तो संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं घरात भात नव्हता, लोकांनी जंगलातून मोळ्या आणून विकल्या आणि खाडीवर पोट भरलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 मध्ये चरीला आले होते, आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. अलीकडचं सांगायचं तर 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या 22 गावांत सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मतदान घेतलं गेलं. त्यामुळे ‘इथे काय भाव चाललाय?’ हे तुमचं पहिलं वाक्य असेल, तर चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही.

बोलणं-चालणं

आगरी बोलीत ‘मला’चं ‘मना’ आणि ‘तुला’चं ‘तुना’ होतं, ‘ळ’ चा ‘ल’ होतो. एकेरी हाक आली तर रागावू नका, ती जवळीक आहे. तुम्ही मात्र मोठ्यांना काका, दादा, आजी म्हणा. घरी बोलावलं तर जा. नुसतं पाणी पिऊन उठलात तर वाईट वाटून घेतील.

काय खायचं, कधी

जिताडा हा आमचा मासा. पावसाळ्यात त्याची पिल्लं धरून घराजवळच्या तळ्यात सोडतात आणि वाढवतात. खाऱ्यातला हा मासा गोड्यातही वाढतो, म्हणून तर तो आमचा. पाहुणा मानाचा असेल तरच तळ्यात पाग पडतो. बाजारात महाग असतो आणि त्याच्या नावावर दुसराही मासा खपवतात, तेव्हा ओळखीच्या माणसाला बरोबर न्या. निवट्या दिसायला विचित्र, पण खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या या लहान माशांचं कालवण एकदा खाऊन बघाच. चिंबोऱ्या भरलेल्या हव्यात तर अमावास्येच्या आसपास घ्या, असं आमच्या आया सांगतात, आणि त्या प्रमाणेच आम्ही घेतो. उन्हाळ्यात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतील. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पेणहून पोहे, पापड आणि मिरगुंडं न्यायला विसरू नका.

जून ते ऑगस्टमध्ये आलात तर पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथे गणपतीचे कारखाने बघा. कारखाना म्हणजे बहुतेक वेळा घराचा ओटा आणि पुढचा मांडव. तिथे बसायला मिळालं तर डोळ्यांची आखणी चालू असेल त्या ठिकाणी बसा. हजारो मूर्ती एकसारख्या पांढऱ्या उभ्या असतात. आखणी करणारा एका हाताने मनगट टेकवतो, श्वास रोखतो, एक काळी रेघ ओढतो आणि मूर्ती तुमच्याकडे बघायला लागते. त्या वेळी बोलू नका आणि फोटो विचारूनच काढा. हंगामात त्यांच्याकडे वेळ नसतो.

पावसाळ्याबद्दल एक सावधगिरी. डोंगरात मुसळधार पाऊस आणि खाली उधाणाची भरती एकत्र आली की अंबेचं पाणी जायला वाट उरत नाही. 1989 च्या जुलैतल्या पुरात जांभूळपाडा आणि नागोठण्यात जे झालं ते इथल्या जुन्या माणसांना अजून काल घडल्यासारखं आठवतं. पालीच्या पुलावर पाणी आलं असेल तर पलीकडे जाण्याची हौस करू नका. थांबा, ओहोट लागेल.

पहिली भेट कधी, असं विचाराल तर जानेवारी. भात कापून झालेला असतो, वालाच्या शेंगा भरलेल्या असतात आणि शेताशेतांत पोपटी लागते. त्यासाठी मातीचं मडकं, बांधावर मिळणारा भांबुर्ड्याचा पाला, गावठी वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मडक्याच्या तळाला पाला दाबायचा, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून जाळ करायचा. अर्ध्या तासाने कुणीतरी हात ओला करून मडक्यावर पाणी शिंपडतं. चर्र आवाज होऊन पाणी लगेच आटलं की झालं. मग मडकं काठीने सरळ करायचं आणि तोंडाचा पाला काढायचा. वाफ येईल, तोंड जरा बाजूला धरा. शेंगा गरम असतानाच सोलायच्या असतात.